काकांचा जुना ट्रक आणि परत परत येणारा पी-०१३५ : कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर, शनिवार

काकांचा ट्रक आज माझ्याकडे आला. १९९९ चं मॉडेल, पेट्रोल, व्ही-एट इंजिन, मागे उघडा हौदा, अडीच लाख किलोमीटरच्या आसपास पळालाय आणि अजूनही एका चावीत सुरू होतो. तक्रार एकच, चेक इंजिनचा दिवा. दोन वर्षांत दोनदा गॅरेजला दाखवलं, दोन्ही वेळा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून दिला, आणि दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवस दिवा गप्प राहिला आणि मग परत लागला. काका म्हणाले, "तू एकदा नीट बघ बाबा, मला आता परत सेन्सर घ्यायचा नाहीये." मीही म्हटलं की काका, मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही, हे ठरवूनच हात घालतो.

स्कॅनर लावला. कोड एकच, पी-०१३५, म्हणजे बँक १ सेन्सर १ (सिलिंडरांच्या एका रांगेच्या एक्झॉस्टमधला पहिला सेन्सर) च्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड. १९९६ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना ओबीडी-टू (गाडीने स्वतःचे दोष कोडने सांगायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं, त्यामुळे पी-शून्यने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ कुठल्याही मेकच्या गाडीत तोच असतो, ही मोठी सोय आहे. पण शब्द नीट वाचायला हवेत. कोड "सेन्सर खराब" असं कुठेच म्हणत नाही, तो "हीटर सर्किट" म्हणतो, आणि सर्किट म्हणजे फ्यूजपासून कॉम्प्युटरपर्यंतची सगळी वाट, तिच्यात सेन्सर हा फक्त एक थांबा.

फ्रीझ फ्रेम पण बघितली, कोड पडला त्या क्षणाची नोंद असते ती. कूलंट ३४ अंश, इंजिन ७४० आरपीएमला, वेग शून्य. म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू करून ट्रक जागेवर उभा असताना कोड पडलाय, लांबच्या प्रवासात नाही. हे डोक्यात ठेवलंय.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी सापडली, त्यात काढलेले दोन्ही जुने सेन्सर, काकांनी जपून ठेवलेले. फार बरं केलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आधी ते दोन जुने सेन्सर घेऊन बसलो. चार वायरींचे झिर्कोनियाचे सेन्सर आहेत, दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची. दोन पांढऱ्यांमध्ये मल्टिमीटर लावला तर एक ५.९ ओहम, दुसरा ६.२ ओहम. हीटर तुटलेला असता तर मीटरने अनंत दाखवलं असतं, शॉर्ट असता तर शून्याच्या जवळ. पांढरी वायर आणि सेन्सरची बॉडी यांच्यातही बघितलं, काही गळती नाही. ट्रकमध्ये आत्ता बसवलेला सेन्सर कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड) सोडवून मोजला, ६.१ ओहम.

म्हणजे तिन्ही सेन्सरचे हीटर ठणठणीत आहेत! काढून टाकलेल्या दोघांचा काहीही दोष नव्हता. आजच्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि त्याला दहा मिनिटं लागली.

हा हीटर कशाला असतो तेही लिहून ठेवतो, काकांनी विचारलं होतं. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय भरवशाचं व्होल्टेज देत नाही. तापला की मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) असेल तेव्हा ०.८-०.९ व्होल्ट, लीन (हवा जास्त) असेल तेव्हा ०.१-०.२, आणि मधली सीमा ०.४५ च्या आसपास. हीटर चालू असेल तर सेन्सर थोड्याच वेळात कामाला लागतो. हीटर नसेल तर धुराच्या उष्णतेवर तापायची वाट बघावी लागते, आणि आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवून, उभा राहिला की परत थंड पडायची भीती. तोवर कॉम्प्युटर सेन्सरकडे न बघता ठरलेल्या हिशेबाने पेट्रोल ओततो, ते नको असलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टरचं आयुष्य खातं. म्हणून "दिवाच तर लागतोय, चालतंय तोवर चालू द्या" हे मला पटत नाही.

दुपारी बँकची खात्री केली. ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर ती बँक १, पण तो ड्रायव्हरच्या बाजूला की दुसऱ्या हे इंजिनप्रमाणे बदलतं आणि यात भलेभले फसतात. म्हणून अंदाज न करता, इंजिन चालू असताना स्कॅनरवर चारही सेन्सर लावले आणि संशयित कपलर सोडवला. बँक १ सेन्सर १ ची नाचणारी रेष लगेच ०.४५ ला सपाट झाली. बरोबर जागा आहे, गॅरेजवाल्यांनी बाजू चुकवली नव्हती.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज फ्यूज आणि कपलर. चारही सेन्सरच्या हीटरला एकच १५ अँपिअरचा फ्यूज आहे आणि बाकीच्या तिघांची काही तक्रार नाही, म्हणजे फ्यूजवर शंका घ्यायला जागा नव्हती, तरी काढून बघितला, पिना स्वच्छ आहेत.

कपलरमध्ये चावी ऑन करून सप्लायच्या पिनवर व्होल्टेज बघितलं, १२.४. बॅटरीवरही १२.४. मीटरच्या मते सगळं उत्तम. कपलरच्या पिनांवर थोडासा काळपटपणा होता, काँटॅक्ट क्लीनर मारला, मादी पिना किंचित आवळल्या, कोड क्लिअर केला, आणि मला खरंच वाटलं की काम झालं. काकांना फोन करून सांगितलंसुद्धा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवा परत लागला. तोच कोड, तशीच फ्रीझ फ्रेम, या वेळी कूलंट २९ अंश. काकांचा फोन आला, "काय रे, काय झालं?" म्हटलं काका, कपलर नव्हता, अजून थोडा वेळ द्या.

पाच दिवस कोड आला नाही याने मी फसलो. हा दोन ट्रिपचा कोड आहे, एका थंड सुरुवातीत टेस्ट नापास झाली की आधी पेंडिंगमध्ये बसतो आणि पुढच्या वेळीही नापास झाली तर दिवा लागतो, त्यामुळे दिवा बंद असणं म्हणजे दुरुस्त झालं असं धरता येत नाही. इथून पुढे रोज पेंडिंग कोड आणि टेस्ट पूर्ण झाली की नाही ते, दोन्ही बघायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज खरं काम झालं.

आठवडाभर तो १२.४ चा आकडा डोक्यात घोळत होता. मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्याची आतली रोधकता कोटी ओहमच्या घरात असते. त्यामुळे वायरीत एकच तार शिल्लक असली, तीही गंजलेली, तरी मीटरला पूर्ण १२.४ दिसतात. हीटरला मात्र सुरुवातीला दोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि तो त्या एका तारेतून जायला हवा. थोडक्यात, वायर रिकामी असताना मोजून उपयोग नाही, तिच्यावर लोड टाकून मोजायला हवं.

मग २१ वॉटचा इंडिकेटरचा साधा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. हा बल्ब पूर्ण पेटला की पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे हीटरच्या जवळपास तेवढाच. आधी चांगल्या बाजूला, बँक २ च्या कपलरमध्ये सप्लायची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये लावला. लख्ख पेटला, मीटरवर १२.१.

मग तोच बल्ब बँक १ ला. फिलामेंट नुसतं लालसर पिवळं झालं, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं, आणि मीटर ५.३ वर उतरला. बल्ब काढला की परत १२.४, लावला की ५.३. मी पाच-सहा वेळा तेच करत राहिलो, कारण दोन वर्षं जे कुणाला दिसलं नाही ते त्या बल्बमध्ये उघड दिसत होतं. सात व्होल्ट वाटेतच कुठेतरी खाल्ले जात होते.

अर्थच्या बाजूवर शंका नको म्हणून तीही तपासली. हीटरला प्लस कायम मिळतो आणि कॉम्प्युटर अर्थची बाजू चालू-बंद करतो, म्हणून बॅटरीचा प्लस आणि कंट्रोलची पिन यांच्यात बल्ब लावून इंजिन सुरू केलं. इथे मात्र २१ वॉटचा लावला नाही, थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढतं आणि त्यात कॉम्प्युटरचा ड्रायव्हर जायचा, तिथे ५ वॉटचा छोटा लावला. व्यवस्थित पेटला. कॉम्प्युटर निर्दोष, बिघाड सप्लायच्या वायरीत.

आणि बाकी तीन हीटर चांगले चालतात म्हणजे फ्यूजपासून जिथे वायरीला चार फाटे फुटतात तिथपर्यंत सगळं ठीक. उरला फक्त फाट्यापासून बँक १ च्या कपलरपर्यंतचा तुकडा. एवढ्या मोठ्या ट्रकमधली जेमतेम मीटरभर वायर!

१९ ऑक्टोबर, रविवार

ट्रक स्टँडवर घेतला आणि खाली शिरलो. हार्नेस (वायरींचा जुडगा) इंजिनच्या मागून गिअरबॉक्सच्या डोक्यावरून खाली येतो. तिथली एक क्लिप तुटून गेलीय आणि हार्नेस सैल लोंबतोय, पण सायलेन्सरच्या पाइपला टेकलेला नव्हता. मला वितळलेलं इन्सुलेशन सापडेल असं वाटलं होतं, तसं काही नव्हतं, बाहेरून सगळं धड.

नालीदार पाइप चिरून वायर मोकळी केली आणि बोटांनी चाचपत गेलो. चांगल्या वायरीला वाकवलं की तिचा स्वतःचा एक ताठरपणा असतो, आतलं तांबं विरोध करतं. कपलरपासून वीतभर अंतरावर एका जागी तो विरोधच नव्हता, रबरी नळी दाबल्यासारखं मऊ लागलं. दोन्ही बाजूंनी धरून हलकं ओढलं तर इन्सुलेशन ताणलं गेलं. तांबं आत सलग असेल तर वायर अशी ताणली जात नाही.

टॉर्च आणि भिंग घेऊन बघितलं. इन्सुलेशनला एक भोक होतं, टाचणीच्या टोकाएवढं. त्याच्याभोवती हिरवट कड. ब्लेडने अलगद चिरलं तर आतून हिरवी पूड पडली, तांब्याची नव्हे, तांब्याच्या गंजाची, आणि त्या पुडीत तीन तारा शिल्लक होत्या, तिन्ही काळ्या पडलेल्या.

ते भोक आपोआप पडलेलं नाही. पूर्वी कधीतरी कुणीतरी टेस्ट लॅम्पचं टोकदार टोक वायरीत खुपसून करंट बघितलाय आणि तसंच सोडून दिलंय. ट्रकखालची जागा, चाकांनी उडालेलं पाणी, त्या भोकातून आत गेलं आणि बाहेर यायला वाट नाही. पुढचं काम त्याने सावकाश वर्षानुवर्षं केलं. म्हणजे दोष शोधण्यासाठी पाडलेलं भोकच पुढे दोष झालं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण तपासून झाल्यावर त्या भोकावर थोडं सीलंट किंवा हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी) लावायला एक मिनिट लागतं. माझा स्वतःचा नियम असा आहे की वायर टोचायचीच नाही, कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजायचं.

दिवा कधी लागायचा आणि कधी नाही याचाही उलगडा झाला. सेन्सर बदलताना हार्नेस हलतो, त्या तीन तारा थोड्या दाबल्या जातात, आठ-पंधरा दिवस करंट पुरतो. माझ्या क्लीनरनेही तेच झालं असणार, गुण क्लीनरचा नव्हता, कपलर हलवण्याचा होता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वायरीची दुरुस्ती. हिरवा भाग दिसत होता दोन सेंटिमीटर, पण गंज तारांच्या मधून केशाकर्षणाने पुढे सरकतो, म्हणून चकचकीत लाल तांबं दिसेपर्यंत दोन्हीकडे कापत गेलो, एकूण ११ सेंटिमीटर तुकडा काढावा लागला. त्याच जाडीची नवी वायर, क्रिम्पचे (दाबून बसवलेले) सांधे, वर आतून गोंद असलेला हीट श्रिंक. सांधे एकासमोर एक न ठेवता मागेपुढे ठेवले म्हणजे हार्नेसला गाठ येत नाही.

सोल्डर का केलं नाही ते नोंदवतो. या जागी कंपनं खूप असतात आणि सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन तुटते. आणि सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला तर सोल्डर कधीच लावू नये, कारण या प्रकारच्या बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्याच वायरींच्या तारांमधून आत जाते, सोल्डरने किंवा ग्रीसने ती वाट बुजली की नवा सेन्सरही चुकीचं सांगायला लागतो.

बल्ब परत लावला. लख्ख. १२.१. बँक २ सारखाच. आनंद झाला.

नवी क्लिप लावून हार्नेस वर बांधला, कोड क्लिअर केला. क्लिअर केलं की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सगळ्या चाचण्या "अपूर्ण" होतात आणि त्या परत पूर्ण होईपर्यंत कोड नाही याला काही अर्थ नाही, त्यामुळे ट्रक आठवडाभर इथेच ठेवतोय आणि रोज सकाळी मीच चालवणार.

२९ ऑक्टोबर, बुधवार

चार थंड सुरुवाती झाल्या. हीटरची टेस्ट पूर्ण आणि पास, सेन्सर आता मिनिटभरात नाचायला लागतो, आधी त्याला चार-पाच मिनिटं लागत होती. पी-०१३५ पेंडिंगमध्येही नाही.

पण नवा पेंडिंग कोड आलाय, पी-०१३३. बँक १ सेन्सर १, प्रतिसाद मंद.

क्षणभर धस्स झालं. मग विचार केल्यावर पटलं की यात नवल नाही. हीटरचा कोड असेपर्यंत कॉम्प्युटर त्या सेन्सरच्या प्रतिसादाची चाचणी घेतच नव्हता, ज्या सेन्सरच्या तापण्यावर भरवसा नाही त्याची वेगाची परीक्षा कोण घेईल. हीटर सुधारला, परीक्षा सुरू झाली आणि मागे दडलेलं दुसरं दुखणं पुढे आलं. बरोबर या जागी माणूस म्हणतो "जाऊ दे, सेन्सर बदलून टाक". नाही बदलणार.

१ नोव्हेंबर, शनिवार

आधी सेन्सरला बाजूला काढायचं ठरवलं. इंजिन गरम करून एअर फिल्टरच्या तोंडाशी थोडा प्रोपेन सोडला, सेन्सर एका झटक्यात ०.८८ वर गेला. प्रोपेन बंद करून एक व्हॅक्यूमची नळी सोडवली, तितक्याच झटक्यात ०.१ च्या खाली. स्कॅनरचा वेग कमी असतो म्हणून स्कोपवरही (व्होल्टेजची रेष काढून दाखवणारं यंत्र) बघितलं, चढ-उतार खडे आहेत. सेन्सर सुस्त नाही.

मग फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय ते हा आकडा सांगतो. आयडलला बँक २ अधिक २, बँक १ अधिक १४. इंजिन २५०० आरपीएमला धरलं तर बँक १ अधिक ४ वर आली.

फक्त एकच बँक, आणि तीही आयडललाच. इनटेकमध्ये कुठे हवा ओढली जात असेल तर सहसा दोन्ही बँकांवर परिणाम दिसतो कारण प्लेनम (सगळ्या सिलिंडरांना हवा वाटणारी पेटी) एकच. पेट्रोलचा दाब कमी असता तर वेग वाढवल्यावर ट्रिम वाढली असती, इथे उलट झालं. तरीपण इनटेक गॅस्केटच्या कडेने प्रोपेन फिरवून बघितला, आकडा हलला नाही.

प्लग काढले. बँक २ चे फिकट तपकिरी, असायला हवेत तसे. बँक १ चे काजळी धरलेले, काळे मऊ. ही गोष्ट महत्त्वाची आहे, सेन्सर म्हणतोय मिक्श्चर लीन आहे आणि प्लग म्हणतायत रिच आहे. दोघांपैकी प्लगवर माझा विश्वास जास्त, तो प्रत्यक्ष आगीत बसलेला असतो. म्हणजे सेन्सरला खोटा ऑक्सिजन कुठून तरी मिळतोय, कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतोय.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी थंड इंजिन सुरू करताना बॉनेट उघडं ठेवून कान दिला. बँक १ च्या मागच्या बाजूने टिक-टिक-टिक, शिवणाच्या मशीनसारखं. चार मिनिटांत आवाज गेला. काका म्हणतात की हा आवाज कधीपासूनच आहे, त्यांना व्हॉल्व्हचा वाटायचा. व्हॉल्व्हचा असता तर इंजिन गरम झाल्यावर असा पूर्ण गेला नसता बहुतेक. गरम झाल्यावर लोखंड फुगून फट बुजते, हे एक्झॉस्टच्या गळतीचं लक्षण.

खात्रीसाठी इंजिन बंद आणि गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला फडकं गुंडाळून लावली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं. सगळ्यात मागच्या पोर्टशी भराभर बुडबुडे. आरसा घालून बघितलं तर तिथल्या बोल्टला डोकंच नाही, नुसतं भोक आणि आत मोडका गंजलेला दांडा. गॅस्केटवर काजळीचा पंखा उमटलाय, गळतीची जागा त्यानेच दाखवली असती, फक्त तिथे नजर पोचत नाही.

एक गोष्ट लोकांना पटत नाही म्हणून लिहितो. एक्झॉस्टमध्ये दाब असतो तर धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? पण धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, तेवढ्यात फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलला धक्के विरळ असतात, धूर थोडा असतो, म्हणून त्या हवेचा हिस्सा मोठा. वेग वाढला की धूर खूप होतो आणि ती हवा त्यात हरवते. आयडलला १४ आणि वर ४ हे म्हणूनच.

८ नोव्हेंबर, शनिवार

मॅनिफोल्ड काढला. त्यासाठी तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारत होतो आणि आज इंजिन कोमट असताना सोडवले, एकही नवा मोडला नाही.

मोडक्या बोल्टचा तुकडा हेडच्या बाहेर तीन-चार मिलिमीटर होता, नशीब. बॅटरी आणि कॉम्प्युटरची जोडणी आधी काढली, मग दांड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं, गंजाची पकड सुटते. लाल असताना घाई केली नाही, थोडा निवू दिला, मग पाना लावून अगदी थोडं पुढे, थोडं मागे. पहिला नट तुटून हातात आला. दुसरा वेल्ड केला, आणि या वेळी एक बारीकसं "कुर्र" ऐकू आलं आणि दांडा फिरला. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. ड्रिल मारायची वेळ आली नाही.

मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने बघितलं, मागच्या टोकाला ०.४ मिलिमीटर बाक आलाय. बोल्ट आधी मोडला म्हणून बाक आला की बाक आला म्हणून बोल्ट मोडला ते सांगता येणार नाही, पण तसाच बसवला तर नवा बोल्टही तुटणार. फेसिंग करायला दिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅनिफोल्ड सपाट होऊन आला. हेडचे आटे टॅपने साफ केले, नवे बोल्ट, नवी गॅस्केट कोरडीच लावली. साधं सिलिकॉन सीलंट सेन्सरच्या आधी कुठेही लावायचं नाही, त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसून त्याला कायमचं निकामी करते. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले. इंजिन एकदा पूर्ण गरम करून गार होऊ दिलं आणि टॉर्क परत तपासला, दोन बोल्टांनी थोडं घेतलं.

थंड सुरुवातीला टिक-टिक नाही. काका शेजारी उभे होते, म्हणाले, "अरे, हे इंजिन इतकं शांत होतं हे मी विसरलोच होतो."

२३ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस, आठ थंड सुरुवाती, त्यात दोन लांबच्या फेऱ्या. बँक १ ची ट्रिम आयडलला अधिक ३, बँक २ ची अधिक २. सगळ्या चाचण्या पूर्ण, पेंडिंग रिकामं. बँक १ चे नवे प्लग काढून बघितले, रंग धरायला लागलेत. सेन्सर तोच आहे, गॅरेजने शेवटी बसवलेला.

पिशवीतल्या दोन जुन्या सेन्सरना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या, एकावर ५.९ ओहम, दुसऱ्यावर ६.२, दोन्हींवर "चांगला आहे, टाकू नये", आणि परत कप्प्यात ठेवले. हार्नेसला अजून एक क्लिप लागणार आहे, गिअरबॉक्सच्या मागच्या ब्रॅकेटपाशी, ती मिळाली की पुढच्या ऑइल चेंजला लावतो. ट्रक संध्याकाळी काकांकडे पोचवला.